थांबलेलं विभाजन

मी सदतीस वर्षांची होते आणि मला चौथा महिना लागायचा होता, तेव्हा बारावीच्या वर्गात अर्धसूत्री विभाजनाचा धडा आला.

आमचं कॉलेज वाशीत, चार-पाच वर्षांपूर्वी उघडलेलं. दुपारी तुर्भ्याच्या बाजूने वारा आला की कारखान्यांचा आंबूस वास वर्गात भरायचा. मुलं दोन तऱ्हेची. काही आमच्यासारख्यांची, मुंबईत जागा परवडेना म्हणून खाडी ओलांडून आलेल्यांची. काही जुन्या गावांतली, ज्यांच्या भातशेतांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. पुस्तक इंग्रजीत आणि शिकवणं निम्मं मराठीत.

सूत्री विभाजन, म्हणजे मायटोसिस, मुलांना पटकन कळायचं. एका पेशीच्या दोन होतात, दोन्ही सारख्या. गुणसूत्रांची आधी नक्कल होते, मग एकेक प्रत एकेका बाजूला जाते. जखम भरते ती अशीच. गाडं अडायचं ते अर्धसूत्रीपाशी, म्हणजे मियॉसिसपाशी. तिथे गुणसूत्रं निम्मी व्हायची असतात, सेहेचाळिसांची तेवीस, कारण उरलेली तेवीस दुसऱ्या बाजूने यायची असतात. त्यासाठी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, त्याला चिकटून राहतं, आणि मग दोघं दोन टोकांना जातात. मी पांढऱ्या आणि पिवळ्या खडूने जोड्या काढायचे.

जोड्या काढता काढता दरवर्षीचं वाक्य मी त्याही दिवशी बोलून गेले. मुलीच्या शरीरात हे विभाजन ती जन्माला यायच्या आधीच सुरू होतं, आईच्या पोटात असतानाच. सुरू होतं आणि मध्येच थांबतं. जोड्या तशाच चिकटून राहतात. ती मोठी झाल्यावर महिन्याला एखादं अंडं जागं होतं आणि अर्धवट राहिलेलं काम पुढे नेतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, म्हणजे बाई चाळीस वर्षांची असली तर तिचं अंडं पण चाळीस वर्षं थांबलेलं?"

"हो," मी म्हटलं.

"एवढी वर्षं चिकटून राहिल्यावर मग नीट सुटतात त्या जोड्या?"

पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत होतं. वय वाढतं तशी न सुटण्याची शक्यता वाढते. एक जोडी सुटली नाही की दोन्ही गुणसूत्रं एकाच अंड्यात जातात आणि बाळाच्या प्रत्येक पेशीत एक जास्तीचं येतं. सत्तेचाळीस. हे मी दहा वर्षं न अडखळता सांगत आले होते. त्या दिवशी मी टेबलाचा कोपरा धरला, "बहुतेक वेळा सुटतात" एवढंच म्हणाले आणि तास पाच मिनिटं आधीच संपवला.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी दोनदा दिवस राहून तिसऱ्या महिन्यात गेले होते. माझा नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे होतं. त्याच्या घरी महाडकडे आणि माझ्या घरी परभणीकडे, दोन्हीकडे आमची पिढी पहिलीच शिकलेली. शिकल्याचा अभिमान मला होता. पण त्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला थोडं कमी माहीत असतं तर बरं झालं असतं.

भीतीला कारण फक्त पुस्तक नव्हतं. आमच्या इमारतीत, आमच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावर एक भाभी राहायच्या. उरणकडच्या मुसलमान घरातल्या, वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. नवरा कुवेतला, दोन वर्षांनी एकदा यायचा. त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती. चेहरा गोल, डोळे किंचित तिरपे, जीभ थोडी बाहेर, बोलणं चार-पाच शब्दांपलीकडे नाही. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मनात आलं होतं, सत्तेचाळीस. भाभींना मी ते कधी बोलले नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मला वाटे की त्यांना माहीत असणारच.

मुलगी माझ्याकडे रोज यायची. मी पेपर तपासत बसले की शेजारी बसून रिकाम्या पानांवर लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची. मला ती आवडायची. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते तिच्यासमोरच केलं.

कॉलेजातल्या एका सहकारिणीने सांगितलं की पोटातलं पाणी काढून गुणसूत्रं मोजता येतात. वाशीत तेव्हा एक दवाखाना ती तपासणी करतो अशी पाटी होती. मी गेले. काउंटरवरची बाई हळू आवाजात म्हणाली, "मुलगा की मुलगी बघायचंय ना? दोन दिवसांत रिपोर्ट."

"नाही. गुणसूत्रांची संख्या बघायची आहे."

तिने असं पाहिलं, जणू मी चुकीच्या दुकानात शिरले होते. कायद्याने बंदी यायच्या आधीची ही गोष्ट. तिथे मुलगा की मुलगी एवढंच सांगत. मोजायचं असेल तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "आणि समजा जास्त निघालं, तर?"

"तर कळेल."

"कळेल, पण पुढे? काढून टाकायचं?"

"तसं मी म्हटलं का?"

"मग कशाला कळायला हवं?"

मला उत्तर देता आलं नाही. दरवाजा उघडाच होता, आणि भाभींची मुलगी उंबऱ्यावर बसून लाल पेनाने आपल्याच तळव्यावर खुणा करत होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "चल. तुझी झोप गेलीय. निदान ती तरी परत येईल."

हॉस्पिटलातल्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. लांब सुईने त्यांनी पाणी काढलं. फिकट पिवळं, दोन मोठे चमचे भरेल एवढं. त्यात बाळाच्या त्वचेच्या सुट्या झालेल्या पेशी असतात. त्या एका चपट्या बाटलीत, त्यांना लागेल त्या द्रवात, शरीराच्या उबेइतक्या कपाटात ठेवायच्या. त्या तळाला चिकटतात आणि दुभंगायला लागतात. पुरेशा वाढल्या की कोल्चिसीन घालायचं, आपल्याकडे कळलावीच्या कंदात असतं तेच द्रव्य. त्याने विभाजन नेमकं मध्यावर थांबतं, जेव्हा गुणसूत्रं जाड आणि सुटी दिसतात. मग फोटो काढायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं आणि पुठ्ठ्यावर जोडीने चिकटवून मोजायचं.

"पण त्या दुभंगल्याच पाहिजेत," डॉक्टर म्हणाल्या. "दुभंगल्याशिवाय काही दिसत नाही. तीन आठवडे धरा."

हे सगळं मी स्वतः शिकवत होते. तरी त्यांनी सांगितलेला प्रत्येक शब्द मी डायरीत लिहून घेतला, एखाद्या विद्यार्थिनीसारखा.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. त्याच दिवसांत कॉलेजात कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल होतं. आमच्या प्रयोगशाळेतले काका तुर्भे गावातले, आगरी. वसाहतीत जमीन गेल्यावर नोकरी धरलेले. नव्या कांदा-बटाटा मार्केटमधून ते चांगले कांदे निवडून आणत आणि पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर ठेवत. तीन-चार दिवसांत खाली पांढरी मुळं फुटत. त्यांची टोकं कापून, रंगवून, काचेखाली चिरडली की विभाजनाच्या सगळ्या पायऱ्या दिसतात.

एका सकाळी मी प्रयोगशाळेत शिरले तर काका आनंदाने म्हणाले, "बाई, मुलं आली! लय झकास आली हायत."

"कुठली मुलं?" मी विचारलं. मग त्यांनी बाटल्यांकडे बोट दाखवलं. त्यांच्या बोलीत ळ नाही, मुळांची मुलंच होतात. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करत होते आणि हे मला नवीन नव्हतं. तरीही मी स्टुलावर बसले, आणि काका पाणी आणायला धावले.

त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगत होत्या. "मॅडम, मला दिसलं!" "मॅडम, माझ्यात दोन टोकांना गेलेत!" मी एकेकाच्या नळीवर डोळा टेकवत फिरत होते. मार्केटमधल्या कांद्याला विभाजन काहीच अवघड नव्हतं.

दहाव्या दिवशी मला राहवेना. अर्धी रजा टाकून बसने पूल ओलांडून हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली, पण मी जीवशास्त्राची शिक्षिका म्हटल्यावर बाटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी पाहिलं. करड्या उजेडात पाच-सहा गोल ठिपके. एक-दोन तळाला चिकटून थोडे पसरलेले. बाकी नुसते तरंगणारे.

"कमी आहेत," मी म्हटलं.

"अजून दिवस आहेत."

"पण कमी आहेत ना?"

"बाई, बघून वाढत नाहीत त्या," त्या म्हणाल्या आणि बाटली परत कपाटात ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या. मला वाटतं असं रोज कुणीतरी येऊन विचारत असेल.

परतताना पुलावरून खाडी दिसत होती, ओहोटीची, चिखल उघडा पडलेला. मी पोटावर हात ठेवून बसले होते. याच्यातल्या लाखो पेशी या क्षणी दुभंगत असतील, मला न सांगता, बिनचूक. आणि त्यातल्या ज्या थोड्याशा मी बाहेर काढून मागितल्या, त्या गप्प होत्या.

तीन आठवड्यांना एक दिवस कमी असताना मी पुन्हा गेले. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी खुर्ची दिली नव्हती.

"चिकटल्या, पण वाढल्या नाहीत. मोजण्याइतकी एकही मिळाली नाही."

"म्हणजे बाळाला काही..."

"नाही. त्याचा अर्थ काहीच नाही. कधी कधी होतं असं. चांगल्या बाळाच्याही वाढत नाहीत, आणि आजारी बाळाच्या छान वाढतात."

"पुन्हा काढता येईल पाणी?"

"येईल. पण आणखी तीन आठवडे. तुम्हाला आता एकोणीस आठवडे होत आलेत. गर्भपाताचा कायदा विसापर्यंत. रिपोर्ट आला तरी त्याचं करायला काही उरणार नाही. तरी हवं असेल तर सांगा."

मी नको म्हटलं. आजवर मला नक्की सांगता येत नाही की त्या क्षणी मला दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं. बहुतेक दोन्ही, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज.

इमारतीत लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि पायरीवरच बसले. भाभींनी आवाज ऐकून दार उघडलं.

"टीचर! इथे काय बसल्या? चक्कर आली का?" त्यांनी पाणी आणलं, शेजारी टेकल्या. "कुठून आल्या एवढ्या उन्हातनं?"

"मुंबईला. हॉस्पिटलात. पोटातलं पाणी तपासायला दिलं होतं."

"ते? मुलगा-मुलगी बघायचं?" त्यांचा चेहरा थोडा बदलला. "तुमी पन, टीचर? तुमच्यासारख्यांना काय फरक पडतो?"

मी हो म्हणू शकले असते. ते जास्त सोपं गेलं असतं. इमारतीत दोघीतिघींनी तशी तपासणी केली होती, आणि भाभींनी मला मनातल्या मनात कमी लेखून सोडून दिलं असतं. पण मी खरं बोलले. "तसं नाही. माझं वय झालंय ना. बाळात काही दोष आहे का, ते बघायचं होतं."

"कसला दोष?"

त्यांची मुलगी दारात येऊन उभी होती. मला पाहून हसली आणि येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, पोटाला टेकून. भाभी तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे.

"हिच्यासारखं नको म्हनून," त्या म्हणाल्या. प्रश्न विचारल्यासारखं नव्हतं ते.

"भाभी..."

"नाही, बरोबर आहे. कुनाला पाहिजे?" त्यांनी मुलीचा दंड धरून तिला उठवलं. "चल, टीचरला बरं नाही." दार लागलं. पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला.

नंतर महिना-दीड महिना मुलगी वर आली नाही. जिन्यात भेट झाली तर भाभी मान हलवत आणि बाजूने जात. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार होते? की मी काढून टाकलं नसतं? ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, "माफी माग." मी म्हटलं, "कशाची? खरं बोलल्याची की तपासल्याची?" तो म्हणाला, "ती माग तू आधी, मग कळेल."

मी मागितली नाही. आणि दिवस भरत गेले. बाळ हललं की बरं वाटे, जास्त हललं की भीती वाटे, हललं नाही की मी कूस बदलून वाट बघे. ज्या एका गोष्टीची खात्री हवी होती ती मिळण्याचा रस्ता आता बाळंत होण्याशिवाय नव्हता.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी, सकाळी साडेदहाला, मी रजेवर घरी एकटी असताना पाणी गेलं. नवरा कारखान्यात, आमच्या मजल्यावरची दोन्ही घरं बंद. मी जिन्याचा कठडा धरून खाली उतरले आणि भाभींचं दार वाजवलं. त्यांनी मला पाहिलं, खाली साडीकडे पाहिलं, आणि एक शब्द न विचारता चपला घातल्या. मुलीला एका हाताने आणि मला दुसऱ्या हाताने धरून त्या रस्त्यावर आल्या. तेव्हा वाशीत रिक्षा सहज मिळत नव्हत्या. मार्केटकडून परत चाललेला एक रिकामा टेम्पो त्यांनी हात आडवा करून थांबवला.

"प्रसूतिगृहापर्यंत सोड. थांबलास तर तुझी गाडी आत खराब होईल, सांगून ठेवते."

ड्रायव्हर हसावं की घाबरावं अशा चेहऱ्याने निघाला. मुलगी माझ्या मांडीला घट्ट धरून बसली होती, टेम्पोचा धक्का बसला की "हळू, हळू" म्हणत. तिला येणाऱ्या चार शब्दांतला तो एक.

दुपारी मला मुलगी झाली. रडली. रंग चांगला, वजन ठीक. नर्सने माझ्याशेजारी ठेवली आणि मी तिचा चेहरा पाहायला लागले, डोळे, नाक, कानांची ठेवण, मानेवरची कातडी. बाळंतीण बाळाकडे पाहते तसं ते पाहणं नव्हतं. मी तपासत होते. नवरा अजून पोहोचायचा होता. भाभी पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी बाळाची मूठ हळूच उघडली, आणि त्या एकदम थांबल्या.

मी पाहिलं. उजव्या तळव्यावर एकच रेघ होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी. बहुतेकांच्या हातावर तिथे दोन असतात. सत्तेचाळिसांची ही खूण पुस्तकात आहे. भाभींना ती पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाळाची बोटं एकेक करून परत मिटली.

"एवढ्याने काय नाही होत," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "आमची तर दोन्ही हातांवर आहे, आनि बाकीचं पन सगळं. हिचं बाकीचं नाही. मी बघितलं ना."

म्हणजे त्याही तपासत होत्या. माझ्यासाठी.

बालरोगतज्ज्ञ संध्याकाळी आले. त्यांनी बाळ उलटंसुलटं करून पाहिलं, छातीला नळी लावली. म्हणाले, बाकी लक्षणं दिसत नाहीत, पण रेघ आहे आणि तुमचं वय पाहता रक्त पाठवू. मग सहज विचारल्यासारखं, "घरात कुणाच्या हातावर आहे का अशी?"

तोवर नवरा कारखान्याच्या कपड्यांतच येऊन पोहोचला होता. त्याने दोन्ही तळवे पुढे केले. डाव्या हातावर तीच रेघ, आडवी, सरळ. नऊ वर्षं मी त्या माणसाबरोबर राहत होते.

"हे आमच्या आत्याला पण आहे," तो म्हणाला. "लहानपणी चिडवायचे. का, काय झालं?"

डॉक्टर हसले, पण रक्त घेतलंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चेतवून दुभंगायला लावतात, त्या तीन दिवसांत वाढतात. अहवाल यायला मात्र दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी बाळाला पाजत होते आणि आकडा मनात येऊ देत नव्हते. एका दुपारी ती पिता पिता झोपली आणि तिचं बोट माझ्या बोटाभोवती राहिलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सत्तेचाळीस आलं तरी मी हे बोट सोडवून घेणार नाही. हे आधी कळलं असतं तर नवऱ्याला उत्तर देता आलं असतं.

अहवाल नवऱ्याने आणला. सेहेचाळीस. सोबत पुठ्ठ्याच्या फोटोची प्रत होती, तेवीस जोड्या, नीट ओळीत. मी रडले, तो हसला, मग उलटं झालं.

पण खाली जाऊन सांगायचं कसं? दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी भाभीच वर आल्या, रव्याचे लाडू घेऊन. "कागद आला ना? पोस्टमनसारखं तोंड करून फिरतायत तुमचे साहेब. सांगा की."

"चांगला आला," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

"अल्ला!" त्यांनी बाळाला उचललं आणि तिच्या कपाळाला तोंड लावलं. मनापासून. मला तिथे धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "भाभी, मी त्या दिवशी..."

"राहू द्या ते." त्यांनी टेबलावरचा फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. "हे काय, अळ्या?"

"गुणसूत्रं. प्रत्येक पेशीत असतात. दोन-दोनच्या जोडीत."

"आनि आमच्या हिच्यात?"

मी एकविसावी जोडी दाखवली. "इथे बहुतेक तीन असतील."

त्या खुर्चीवर बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "टीचर, तिसऱ्या महिन्यात मला लय ताप आला होता. सात दिवस गोळ्या खाल्ल्या. तेनेच झालं ना हे? सासू म्हनायची. मी तेव्हापासून डोकं फुटलं तरी गोळी घेत नाही."

इतकी वर्षं आमच्यात एका मजल्याचं अंतर होतं आणि मी गृहीत धरलं होतं की त्यांना माहीत आहे.

मी वही घेतली आणि वर्गात काढायचे तशा जोड्या काढल्या. सांगितलं, की बाळाला गुणसूत्रं अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून येतात. ती अर्धी होताना जोड्या सुटायच्या असतात. एक जोडी सुटली नाही. हे गर्भ राहायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. तापाच्या आधी, गोळ्यांच्या आधी. "तुम्ही गोळी खाल्ली तेव्हा तिच्या प्रत्येक पेशीत तीन होतीच. माझ्या वयात हे जास्त होतं, पण तेविसाव्या वर्षीही होतं. कुणी काही केल्याने होत नाही."

"कुनीच काही केलं नाही?"

"कुणीच नाही."

त्यांनी पदराने तोंड झाकलं. मग उठून खाली गेल्या आणि टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. नवरा-बायको कॅसेट भरून निरोप पाठवत, गावचं कुणी कुवेतला जाणारं असलं की त्याच्याबरोबर. "मला नाही सांगता येनार असं. तुमी याच्यात बोला. वर्गात बोलता तसं."

मी अकरावी-बारावीच्या किती तुकड्यांना तो धडा शिकवला असेल, मोजलं नाही. पण त्या दुपारी यंत्राच्या फिरत्या चाकांकडे पाहत बोलताना दोनदा बटण दाबून थांबले. "भाईसाहेब, मी वरच्या मजल्यावरची टीचर..." अशी सुरुवात केली आणि पेशीपासून सांगत गेले. मध्येच बाळ रडलं, तेही कॅसेटमध्ये गेलं.

उत्तराची कॅसेट दोन महिन्यांनी आली. भाभींनी ती दार लावून एकट्यानेच ऐकली. संध्याकाळी वर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मी घाबरले, म्हटलं काही चुकीचं बोलून गेले की काय.

"लय रडला," त्या म्हणाल्या. "मला कधी बोलला नव्हता. त्या गोळ्या त्यानेच आनून दिल्या होत्या पनवेलहून. दुकानदाराला सांगितलं नव्हतं, पोटात मूल आहे म्हनून. तो म्हनतो, मी तेव्हापासून तुझ्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो, म्हनून तिकडे नोकरी धरली."

मुलगी माझ्या बाळाच्या पाळण्याला झोका देत होती, थोडा जोरात. भाभी तिला म्हणाल्या, "हळू."

पुढच्या वर्षी तो माणूस कुवेत सोडून परत आला आणि पनवेलजवळ नावड्याला त्याने गॅरेज टाकलं. ते तिकडे राहायला गेले. जाताना भाभींनी माझ्याकडून ती वहीतली पानं मागून घेतली. मी नवी, नीट काढून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको. हीच द्या."